भास्कराचार्य आणि त्रिकोणाचे शेत

कलाशाखेच्या वार्षिक अंकात एका गणितज्ञाचे चरित्र पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी शालान्त परीक्षेच्या शेवटच्या पेपरनंतर गणिताला जो रामराम ठोकला, तो कायमचाच. मीही त्यांतलाच एक. तरीही आज भास्कराचार्यांविषयी लिहावेसे वाटते, याला एक घरगुती कारण घडले. ते आधी सांगतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

आमच्या शेताच्या टोकाला, ओढ्याच्या कडेने, एक निमुळता त्रिकोणी तुकडा आहे. घरात वाटण्या झाल्या तेव्हा बाकीच्या जमिनीचा हिशेब लवकर उरकला. अडले ते या तुकड्यापाशी. तो नेमका भरतो किती, एवढेच ठरायचे होते. घरात कॉलेजात जाणारा मी एकटा, म्हणून थोरल्या काकांनी टेप माझ्या हाती दिली. एक कड साठ फूट भरली, दुसरी पंचाऐंशी. तिसरी कड ओढ्याकाठची. पलीकडून चुलतभावाने ओरडून आकडा सांगितला आणि मी वहीत दीडशे लिहून घेतला. पाया गुणिले उंची भागिले दोन, हे सूत्र मला तोंडपाठ होते. पण पुस्तकातल्या त्रिकोणात उंची तुटक रेघेने काढून दिलेली असते; इथे ती कुठे होती? तुकड्यात ज्वारी उभी. मी साठाला पंचाऐंशीने गुणले, निम्मे केले आणि दोन हजार पाचशे पन्नास चौरस फूट असे ठोकून दिले. काकांनी शांतपणे विचारले, की बाबा, हा कोपरा काटकोनात आहे हे तू कशावरून धरलेस? माझ्यापाशी उत्तर नव्हते. लहानपणापासून घोकलेले सूत्र मला आले होते. त्याचा अर्थ मात्र कधी कळला नव्हता, हे त्या बांधावर उभे असताना लक्षात आले.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात ‘लीलावती’चे एक जुने मराठी भाषांतर हाती लागले. गंमत म्हणून उघडले आणि क्षेत्रव्यवहाराच्या प्रकरणापाशी थबकलो. आठशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेल्या एका आचार्याने माझी चूक अगदी जवळून पाहिली असावी, असे वाटले. त्या आचार्यांची ही कथा.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडील जुन्या ग्रंथकारांचा काळ ठरवताना पंडितांची जी दमछाक होते, ती भास्कराचार्यांनी वाचवली. आपले गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर आणि गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड, हेही त्यांनी सांगितले आहे. हे विज्जडविड नेमके कोणते, यावर मात्र विद्वानांचे एकमत झालेले नाही. कोणी ते विजापूर मानतात, कोणी बीड, तर कोणी खानदेशातील पाटणच्या परिसरात त्याचा शोध घेतात. त्यांच्या नातवाने उभारलेला मठ पाटणलाच होता. त्यामुळे या घराण्याचा त्या भूमीशी घट्ट संबंध होता, एवढे निश्चित.

ते जन्मले तेव्हा दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. देवगिरीच्या यादवांचा उत्कर्ष अजून व्हायचा होता. घरात विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पाटणच्या शिलालेखात या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य. त्यांतील भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती, असे तो लेख सांगतो. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. घर हीच शाळा आणि बाप हाच मास्तर, असे हे शिक्षण. आपल्या विद्येचे श्रेय त्यांनी मोठ्या कृतज्ञतेने वडिलांना दिले आहे.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये म्हणजे इ. स. ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. त्यावर ‘वासनाभाष्य’ नावाची टीकाही त्यांनीच लिहिली. इथे वासना याचा अर्थ उपपत्ती, म्हणजे नियमामागचे कारण. नियम सांगून मोकळे व्हायचे नाही, तो तसा का, हेही सांगायचे, हा त्यांचा स्वभाव या नावातूनच दिसतो. ग्रहांचे गणित थोडक्यात करता यावे म्हणून पुढे ‘करणकुतूहल’ हा छोटा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्याचा काळ शके ११०५, म्हणजे इ. स. ११८३. तेव्हा आचार्यांचे वय एकोणसत्तर होते. माणसे ज्या वयात जपमाळ हाती घेतात, त्या वयात हे गृहस्थ पंचांग करणाऱ्यांचे काम सोपे करून देत होते!

‘लीलावती’ या नावाभोवती एक हृद्य कथा गुंफलेली आहे. लीलावती ही आचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाची घटिका साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र ठेवले होते. कुतूहलाने वाकून पाहताना तिच्या अंगावरचा एक मोती त्यात पडला, पात्राचे भोक बुजले आणि मुहूर्त टळून गेला. दुःखी मुलीला धीर देण्यासाठी बापाने तिच्या नावाने ग्रंथ रचला. ही कथा येते ती अकबराच्या दरबारातील कवी फैझी याने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे आचार्यांनंतर चारशे वर्षांनी. स्वतः भास्कराचार्यांनी कोठेही तसे लिहिलेले नाही. ग्रंथातील प्रश्न कधी बालेला विचारलेले आहेत, कधी सख्याला, तर कधी गणकाला. कथा खरी असो वा नसो, एक गोष्ट ती अचूक सांगते. हे पुस्तक समोर बसलेल्या कोणाला तरी प्रेमाने समजावून सांगण्यासाठी लिहिलेले आहे.

म्हणूनच त्यातील उदाहरणे कोरडी नाहीत. बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकते. तर तो मुळापासून किती हातांवर मोडला? उत्तर बारा हात. नऊ हातांच्या खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या पायथ्याशी असलेल्या बिळाकडे साप सत्तावीस हातांवरून येतो आहे. मोराने तिरपी झेप घेतली आणि दोघांनी सारखेच अंतर तोडले, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? पुन्हा बाराच. वेळू, मोर आणि साप बाजूला ठेवले, की मागे उरतो तो काटकोन त्रिकोण. चित्र आधी डोळ्यांपुढे उभे राहते आणि गणित त्याच्या पाठोपाठ येते.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. क्षेत्रफळ हा शब्दच किती बोलका आहे! क्षेत्र म्हणजे शेत; आपला शेत हा मराठी शब्द त्यापासूनच आलेला. संस्कृत गणितात आकृतीला क्षेत्र म्हणतात, तिच्या पायाला भू किंवा भूमी, बाजूंना भुज म्हणजे हात. अशा भूमीवर उभ्या राहिलेल्या आकृतीचे फळ ते क्षेत्रफळ. ‘लीलावती’च्या आरंभी मोजमापांची जी कोष्टके दिली आहेत, त्यांत आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, दहा हातांचा एक वंश म्हणजे बांबू आणि वीस वीस बांबूंच्या चार बाजूंनी बांधलेले एक निवर्तन, असा जमिनीचा हिशेब आहे. आकाशातील ग्रहांची गती मोजणाऱ्या या माणसाचे पाय शेताच्या मातीवर होते.

त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत भास्कराचार्यांनी शोधली, असे मात्र कोणी समजू नये. पायाच्या निम्म्याला लंबाने गुणण्याचा नियम इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त आहे. तिन्ही बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचा नियम ग्रीक परंपरेत अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावाने ओळखला जातो. तो पहिल्या शतकातला. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये त्याचा अधिक व्यापक प्रकार चौकोनासाठी दिला. मग भास्कराचार्यांचे मोठेपण कशात? मला वाटते, ते आहे त्यांच्या सावधपणात. हिशेबाला हात घालण्यापूर्वी प्रश्न नीट पारखून घ्या, हा त्यांचा धडा आहे. तो त्यांनी ‘लीलावती’त तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिला आहे.

पहिला धडा असा. सरळ बाजूंच्या कोणत्याही आकृतीत एक बाजू जर बाकीच्या बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तीहून मोठी असेल, तर ती आकृतीच नव्हे. त्यासाठी त्यांनी तीन, सहा आणि नऊ बाजूंचा त्रिकोण उदाहरणादाखल घेतला आहे. तीन आणि सहा मिळून नऊच होतात. मग त्या दोन बाजू तिसरीवर सपाट आडव्या पडतील, टोक वर येणार कसे? असा प्रश्न कोणी धीटपणे विचारलाच, तर त्याचे उत्तर काढत बसू नये, हे क्षेत्रच नाही असे सांगावे. एवढ्यावर विद्यार्थ्याची खात्री पटली नाही तर काय करायचे, तेही आचार्य सांगतात. बाजूंच्या मापाच्या सरळ काड्या घ्याव्यात, त्या जागच्या जागी मांडाव्यात आणि आकृती जुळत नाही हे डोळ्यांनी दाखवावे. गणिताच्या तासाला काड्या घेऊन बसणारा बाराव्या शतकातला हा शिक्षक मला फार जवळचा वाटतो.

दुसरा धडा लंबाचा. त्रिकोणाच्या तीन बाजू ठाऊक आहेत, उंची ठाऊक नाही. म्हणजे अगदी माझी अडचण. आचार्यांची रीत सोपी आहे. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला, की पायाचे दोन तुकडे पडतात. त्यांना ते आबाधा म्हणतात. उरलेल्या दोन बाजूंची बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार करावा आणि त्याला पायाने भागावे. आलेला भागाकार पायातून एकदा वजा करावा, एकदा पायात मिळवावा आणि दोन्ही वेळा निम्मे करावे. या दोन आबाधा. त्यांचे उदाहरण आहे पाया चौदा, बाजू तेरा आणि पंधरा. बाजूंची बेरीज अठ्ठावीस, वजाबाकी दोन, गुणाकार छप्पन्न, त्याला चौदाने भागता चार. चौदातून चार वजा करून निम्मे केले तर पाच, चौदात चार मिळवून निम्मे केले तर नऊ. आता एका बाजूला तेरा हा कर्ण आणि पाच हा पाया असलेला काटकोन त्रिकोण मिळाला. तेराच्या वर्गातून पाचाचा वर्ग वजा केला, की एकशे चव्वेचाळीस. त्याचे मूळ बारा. हाच लंब. चौदाचे निम्मे सात, सात गुणिले बारा म्हणजे चौऱ्याऐंशी. शेतात पाऊल न टाकता, नुसत्या कडा मोजून उंची हाती आली!

पण आचार्य इथे थांबत नाहीत. लगेच पुढचे उदाहरण देतात : बाजू दहा आणि सतरा, पाया नऊ. रीत तीच. बेरीज सत्तावीस, वजाबाकी सात, गुणाकार एकशे एकोणनव्वद, नवाने भागता एकवीस. आता नवातून एकवीस वजा कसे करायचे? सामान्य शिक्षक असे उदाहरण टाळून पुढे गेला असता. भास्कराचार्य सांगतात, की वजाबाकी उलटी करा. बाराचे निम्मे सहा. पण ही आबाधा ऋण आहे, म्हणजे ती उलट दिशेला मोजायची. लंब पायावर पडतच नाही, तो पायाच्या बाहेर सहा एककांवर पडतो. दुसरी आबाधा पंधरा. दहाच्या वर्गातून सहाचा वर्ग वजा करा किंवा सतराच्या वर्गातून पंधराचा. दोन्हीकडून चौसष्टच येतात. लंब आठ, क्षेत्रफळ छत्तीस. ऋण संख्येला इथे जमिनीवरची जागा मिळाली आहे. उणे सहा म्हणजे काय, तर बांधाच्या पलीकडचे सहा हात.

तिसरा धडा चौकोनाचा, आणि तिथे आचार्यांचा सूर एकदम कडक होतो. तिन्ही बाजूंच्या बेरजेचे निम्मे करून, त्यातून एकेक बाजू वजा करून, त्या सर्वांच्या गुणाकाराचे मूळ घ्यायचे, हा जुना नियम ते त्रिकोणासाठी अचूक मानतात. चौदा, तेरा, पंधरा यांचे निम्मे एकवीस. एकवीस, सात, आठ आणि सहा यांचा गुणाकार सात हजार छप्पन्न. त्याचे मूळ पुन्हा चौऱ्याऐंशीच. चौकोनाच्या चार बाजूंवरून मात्र असे काही ठरवता येत नाही, असे ते बजावतात. कारण साधे आहे. चार काड्यांची चौकट टोकांना सैल बांधा आणि समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबा. एक कर्ण आखूड होतो, दुसरा लांबतो. बाजू मात्र त्याच राहतात. प्रत्येकी पंचवीस बाजूंचा चौकोन घेऊन ते दाखवतात. तो चौरस असेल तर क्षेत्रफळ सहाशे पंचवीस. कर्ण तीस आणि चाळीस असतील तर सहाशे. कर्ण चौदा आणि अठ्ठेचाळीस असतील तर अवघे तीनशे छत्तीस. मग एखादा कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचे क्षेत्रफळ विचारतो, त्याला आचार्य पिशाच म्हणतात, आणि जो त्याचे उत्तर देतो, तो त्याहूनही मोठा पिशाच ठरतो!

त्रिकोणाचे वैशिष्ट्य इथे उमगते. तीन काड्या टोकांना बांधल्या, की आकृती हलत नाही. बाजू ठरल्या की कोन ठरले, उंची ठरली, क्षेत्रफळ ठरले. छपराची कैची त्रिकोणी का असते, सैल पडलेल्या चौकटीला सुतार तिरपी पट्टी का ठोकतो, याचे उत्तरही हेच आहे. आणि म्हणूनच वेडेवाकडे शेत मोजताना त्याचे त्रिकोण पाडतात.

चरित्रलेखनात चरित्रनायकाचे केवळ गोडवे गाऊ नयेत, म्हणून एक गोष्ट नमूद करायला हवी. ब्रह्मगुप्ताचा चौकोनाचा नियम भास्कराचार्यांनी स्थूल ठरवला. सर्व चौकोनांपुरते पाहिले तर त्यांचा आक्षेप बिनतोड आहे. पण ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात, त्याला तो नियम तंतोतंत लागू पडतो. ही मर्यादा ब्रह्मगुप्ताने स्पष्ट सांगितली नाही आणि भास्कराचार्यांनीही ती ओळखून मांडली नाही. ते काम पुढे केरळातील गणितज्ञांनी केले. सोळाव्या शतकातील ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात त्याची उपपत्ती दिलेली आहे. थोर माणसाच्या नजरेतूनही एखादी गोष्ट निसटते. यात त्यांचा कमीपणा नाही. ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते, याचीच ही खूण आहे.

भास्कराचार्यांनंतर त्यांची विद्या घरातच पुढे चालू राहिली. मुलगा लक्ष्मीधर याची कीर्ती ऐकून यादव राजा जैत्रपाल याने त्याला पाटणहून नेले आणि आपल्या पंडितांत अग्रस्थान दिले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. (ज्ञानदेवांच्या काळातील योगी चांगदेव ते हे नव्हेत.) या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत यासाठी पाटण येथे मठ स्थापन केला. निकुंभ घराण्यातील सोइदेव या मांडलिकाने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिले. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील काही हक्क मठाला मिळत. शिलालेखाचा हा शेवटचा, व्यवहाराचा भाग त्या काळच्या मराठीत कोरलेला आहे. विद्वानांची स्तुती संस्कृतात आणि बाजारपेठेचे देणे लोकांच्या भाषेत! खानदेशच्या बाजारात माल विकणाऱ्याच्या पदरचे चार दाणे गणिताच्या अध्ययनासाठी वेचले जात होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे.

हा शिलालेख चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या कुशीतील पाटण या ओसाड गावी देवीच्या मंदिरात होता. मुंबईचे प्रसिद्ध वैद्य आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ साली त्याविषयी लिहिले. भाऊ दाजी हे मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे. दिवसा रोग्यांच्या नाड्या पाहणाऱ्या या डॉक्टरने जुन्या दगडांचीही नाडी पाहिली. भास्कराचार्यांच्या घराण्याची साखळी आपल्याला कळली, ती त्यांच्यामुळे.

मठ काळाच्या ओघात गेला, पण ग्रंथ टिकला. कोकणात नांदगावला गणेश दैवज्ञ नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ त्यांचाच. त्यांनी १५४५ साली ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि सूत्रात निम्मे का घ्यायचे, याचा उलगडा आकृती कापून जुळवण्याच्या रीतीने केला. मी तो प्रयोग वर्तमानपत्राच्या कागदावर करून पाहिला. चौदा पायाचा आणि बारा उंचीचा तोच त्रिकोण घ्यावा. निम्म्या उंचीवर, म्हणजे सहावर, पायाला समांतर आडवा कापावा. वर निघालेला छोटा त्रिकोण लंबाच्या रेषेवर उभा कापून त्याचे दोन तुकडे करावेत. एकाची रुंदी अडीच, दुसऱ्याची साडेचार. ते तुकडे उलटे फिरवून खालच्या भागाच्या दोन तिरक्या कडांना लावावेत. चौदा लांब आणि सहा रुंद असा सरळ आयत तयार होतो. चौदा सक चौऱ्याऐंशी! इतकी वर्षे घोकलेला तो अर्धा कुठून आला, हे मला त्या दिवशी कात्रीने सांगितले.

‘लीलावती’ पुढे दूरवर गेली. फैझीने ती फारसीत नेली. १८१६ साली मुंबईत जॉन टेलर याचे आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कोलब्रुक याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात भास्कराचार्यांचा साक्षेपी परिचय करून दिला. १९७९ साली अवकाशात गेलेल्या भारताच्या पृथ्वीनिरीक्षण उपग्रहालाही भास्कर हे नाव देण्यात आले. शेताचे माप शिकवणाऱ्या आचार्यांचे नाव घेऊन एक यंत्र आकाशातून भूमी न्याहाळू लागले, हा योग किती चांगला!

आता शेवटी आमच्या त्या तुकड्याचे काय झाले, ते सांगून लेखणी आवरती घेतो. ‘लीलावती’तील पहिला धडा वाचला आणि मी वही काढली. साठ, पंचाऐंशी आणि दीडशे. साठ आणि पंचाऐंशी मिळून होतात एकशे पंचेचाळीस. म्हणजे मी मांडलेले क्षेत्र मुळी क्षेत्रच नव्हते! जगात कोठेही असू शकत नाही अशा त्रिकोणाचे क्षेत्रफळ मी काकांना छातीठोकपणे सांगितले होते. सुट्टीत गावी जाऊन चुलतभावाला विचारले. त्याने पलीकडून एकशे पंधरा म्हणून हाक दिली होती. ओढ्यावरच्या वाऱ्यात मला एकशे पन्नास ऐकू आले. पुन्हा मोजले, एकशे पंधराच भरले.

मग आचार्यांची रीत मांडली. पाया साठ, बाजू पंचाऐंशी आणि एकशे पंधरा. बेरीज दोनशे, वजाबाकी तीस, गुणाकार सहा हजार, साठाने भागता शंभर. साठातून शंभर जात नाहीत. उणे चाळीस, निम्मे उणे वीस. लंब आमच्या तुकड्याबाहेर वीस फुटांवर, शेजाऱ्याच्या शेतात पडत होता! मी ज्वारीत शोधत होतो ती उंची आमच्या शेतात नव्हतीच. पंचाऐंशीच्या वर्गातून वीसाचा वर्ग वजा करून मूळ घेतले, तर लंब साडेब्याऐंशीच्या किंचित वर आला आणि क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चारशे अठ्ठ्याहत्तर चौरस फूट, म्हणजे सव्वादोन गुंठ्यांहून थोडे अधिक. तिन्ही बाजूंच्या नियमाने ताळा पाहिला, तोही जुळला. माझ्या पहिल्या उत्तरात बहात्तर चौरस फूट जमीन नसलेलीच होती. ती कोणाच्या तरी वाट्याला कागदावर गेली असती आणि कमी पडल्यावर भावाभावांत शब्दाला शब्द वाढला असता.

काकांपुढे मी तीन काड्या मांडल्या. सहा, साडेआठ आणि पंधरा बोटांच्या. टोके जुळेनात. मग पंधरा बोटांची काडी साडेअकरावर मोडली आणि त्रिकोण उभा राहिला. काकांनी काड्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि नवा आकडा वाटणीच्या कागदावर लिहून घ्यायला सांगितले. कोपरा काटकोनात आहे का, हे त्यांनी या वेळी विचारले नाही.